न सांगितलेला जोर

४ जानेवारी

काम मिळालं! शीतगृहाचा मॅनेजर स्वतः आला, खुर्चीच्या कडेवर टेकून करारावर सही केली आणि चहाला हातही न लावता गेला. घाई असायला कारण आहे. गेल्या वर्षी त्याच्या गोठवणीच्या कोठीत एक हमाल अडकला. दार लागलं, आतली मूठ बर्फाने धरली, सकाळी उघडून बघतात तर तो गेलेला. तेव्हापासून सुरक्षा खातं मॅनेजरच्या मानगुटीवर बसलंय. प्रत्येक कोठीत घंटा पाहिजे, आणि ती कधी वाजणार याचा प्रोग्रॅम असा पाहिजे की शंकेला जागा राहू नये.

असे प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी म्हणजे मी आणि दादा, माझा मोठा भाऊ. एक खोली, दोन टेबलं, एक खिडकी, आणि तीही दादाच्या वाट्याला.

खात्याची अट अशी की लिहिणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. खाली दोघांच्या सह्या. मी लिहिणार, दादा वाचणार. त्याच्यासारखा वाचणारा मी दुसरा पाहिलेला नाही. हे त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, आधीच त्याच्या मोठेपणाला काही कमी नाही. पण मी शिकत होतो तेव्हा माझे प्रोग्रॅम छापून घेऊन तो जेवता जेवता वाचायचा आणि उष्टं बोट नेमकं चुकीवर ठेवायचा. रागाने मला घास गिळता यायचा नाही.

त्या हमालाची बायको अजून मॅनेजरकडे येऊन बसते म्हणे. काही मागत नाही, नुसती बसते.

९ जानेवारी

आज खरी मजा सुरू झाली. स्वतःलाच समजावून सांगितलं की डोक्यात नीट बसतं, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या भाषेत कुठलीही गोष्ट करण्याआधी तिचा टाइप लिहावा लागतो. टाइप म्हणजे एक वचन: ही काय वस्तू आहे आणि हिच्याकडून काय मिळेल. कंपायलर आमचं लिहिणं तपासून त्याचा चालता प्रोग्रॅम करतो, आणि तपासताना आधी हे वचन बघतो. मी घंटेचा नियमच टाइपात लिहायचं ठरवलंय. प्रोग्रॅम त्या टाइपावरून आपोआप तयार होईल, म्हणजे नियमाबाहेर पाऊल टाकायची त्याची टाप नाही.

नियम साधा आहे. आतल्या माणसाने बटण दाबलं की घंटा वाजलीच पाहिजे, दार कसंही असो. किंवा आत हालचाल आहे आणि दार बंद आहे, तरीही वाजली पाहिजे, कारण एखाद्याला बटणापर्यंत पोचता आलं नाही तर? नुसत्या हालचालीवर वाजवून चालत नाही. दार उघडं असताना दिवसभर माणसं ये-जा करत असतात.

दादाच्या पद्धतीने हे असं लिहितात: किंवा बटण (आणि हालचाल दारबंद). शब्द पुढे, नावं मागे, आणि नियम लांबला की कंसांची आगगाडी. माझ्या पद्धतीने: बटण \/ हालचाल /\ दारबंद. \/ ही दरी, म्हणजे किंवा; /\ हे शिखर, म्हणजे आणि. शाळेत अधिक-उणे लिहितो तसं चिन्ह दोन नावांच्या मधोमध. टाइपात असं लिहिता येतं हे या धंद्यातल्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं.

गुणाकार आधी आणि बेरीज नंतर हे ठरलेलं असतं, म्हणून शाळेत कंसांवाचून भागतं. आपण काढलेल्या चिन्हांचं आपणच ठरवायचं. कुठल्या चिन्हाचा जोर किती, ते एकेका ओळीत सांगायचं. मी शिखराला सहा दिला, दरीला पाच. जास्त जोराचं चिन्ह शेजारची नावं आधी ओढून घेतं. झालं, कंस गेले. पान असं सुरेख दिसतंय की फ्रेम करून लावावं.

दादाला बोलावलं. त्याने स्क्रीनला नाक लावलं, अगदी मुका घेतल्यासारखं.

"शब्दच बरे होते," म्हणाला.

"यात वाईट काय आहे?"

"शब्द कळतात."

बस, संपलं. पन्नाशी आली की माणूस नवीन काही बघायलाच तयार नसतो.

१६ जानेवारी

दादाने स्क्रीनवरची अक्षरं एवढी मोठी केलीत की एका वेळी चार-पाच ओळींच्या वर काही मावत नाही. विचारलं तर म्हणे, "मान दुखते, मागे टेकून वाचतो." मागे टेकलेला मात्र दिसत नाही.

आणि हल्ली कानात सतत काहीतरी घातलेलं. मी बोलावलं तर तीनदा हाक मारावी लागते. आज त्याची वायर निसटली तेव्हा ऐकू आलं, कोणी बाई एका दमात भरभर बोलत होती. बातम्या! कामाच्या वेळी बातम्या ऐकतो आणि मला शिस्त शिकवतो.

वहिनी रोज त्याला पोचवायला येते. गाडी विकून टाकली ना त्याने, आता दोघं बसने येतात. जिन्यावर ती त्याचा हात धरते. मी म्हटलं, "वहिनी, एवढ्या वर्षांनी नव्याची नवलाई का?" ती हसली नाही. एरवी माझ्या थट्टेला दोन शब्द जास्तच सुनावणारी बाई.

२४ जानेवारी

आज सुरक्षा खात्याचे साहेब आले होते. शांत, कमी बोलणारे. त्यांनी आधी माझ्याशी हात मिळवला, मग दादापुढे हात केला. दादा जागचा हलला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत नुसता "या, बसा" म्हणाला. साहेबांचा हात तसाच लोंबकळला आणि मग त्यांनी तो खिशात घातला. मला तोंड लपवावंसं वाटलं. ज्याच्या शिक्क्यावर आपलं काम अडतं त्याच्याशी असं वागायचं?

ते गेल्यावर मी बोललो. दादाचा चेहरा उतरला. "हात पुढे केला होता त्यांनी?" असं विचारलं. जसं काही याला दिसलंच नाही! सोंग घेण्यात मोठा पटाईत.

२९ जानेवारी

माझ्या टेबलावर ऊन येतं म्हणून मी दोन्ही टेबलं फिरवून घेतली. सकाळी दादा आला, सरळ जुन्या वाटेने निघाला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला. पाण्याचा ग्लास पडला, कागद भिजले. मग जो ओरडला! "माझ्या वस्तू मला न सांगता हलवायच्या नाहीत! समजलं?" मी लहानपणी त्याचं पेन हरवलं होतं तेव्हाही एवढा ओरडला नव्हता.

टेबलं परत होती तिथे लावली. दोघांनी.

२ फेब्रुवारी

आता चिन्हांवरून कटकट.

"ती दरी आणि ते शिखर मला एकसारखंच वाटतं," म्हणतो. "घोटाळा होईल. शब्द घाल ना. तुझं काय जातं?"

"माझं पान जातं," मी म्हटलं. "अरे, आख्खा नियम एका नजरेत दिसतो असा."

"सगळ्यांना नाही दिसत."

"ज्यांना नाही दिसत त्यांनी दुसरा धंदा बघावा."

हे जरा जास्तच झालं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग मलाच कसंतरी झालं. शेवटी थोरला आहे. म्हणून मी दरी बदलली. "किंवा"साठी आता दोन उभ्या रेघा: बटण || हालचाल /\ दारबंद. जुन्या फायलींमधे दरी होती ती राहू दिली. तिलाच हे दुसरं रूप दिलं आणि कोठ्यांच्या सगळ्या नियमांमधे एका झटक्यात फिरवलं. कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

"घे," म्हटलं, "आता आंधळ्यालासुद्धा वेगळं दिसेल."

"बरं," म्हणाला. एवढंच. उपकाराची जाणीव म्हणून नाही.

११ फेब्रुवारी

शीतगृहात चाचणी झाली. दादा आलाच नाही. तिथे पायऱ्या निसरड्या आहेत म्हणे! त्याच्याऐवजी मी गेलो.

कोठी म्हणजे एक लांबलचक पांढरी खोली, नाकातला श्वास टोचतो अशी. खोकी रचायला तिथे एक मावशी आहेत. सगळेच त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्याहून मोठा मॅनेजरसुद्धा. दोन स्वेटर, वर कोट, कानटोपी, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. चाचणीला आत कोण जाणार विचारलं तर याच पुढे आल्या.

"मी जाते. तसाही माझा निम्मा जन्म आतच गेलाय. पण काय हो साहेब, तुमची घंटा माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल का? मी कानाशी ओरडले तरी त्याला ऐकू येत नाही."

"मावशी, ही घंटा मेलेल्यालाही उठवेल."

"नको बाई, जित्यालाच उठवू दे. तेवढं पुरे."

दार लावलं. मावशींनी बटण दाबलं. घंटा अशी कडाडली की पलीकडचा ट्रकवाला हातातली फळी टाकून धावत आला. मग बटण न दाबता आत नुसत्या फिरल्या, वाजली. दार उघडं ठेवून फिरल्या. गप्प, म्हणजे बरोबर. आणखी एक राहिलं होतं, दार उघडं ठेवून बटण दाबायचं. पण मावशींचे ओठ निळे पडले होते आणि मॅनेजर माल चढवायचाय म्हणून पाय आपटत होता. मी म्हटलं, राहू दे. नियम टाइपात आहे, कंपायलरने पडताळलेला आहे. चाचणी ही कंपायलर नसलेल्यांची गरज.

निघताना मावशींनी माझ्या हातावर थाप मारली. "आता बिनघोर झाले," म्हणाल्या. तळहात लाकडासारखा थंड होता. फार बरं वाटलं मला. दिवसभर वाटत राहिलं.

१२ फेब्रुवारी

दादाच्या सहीचा दिवस. सकाळपासून कानात ती बाई घालून बसला होता आणि बोटाने एकेक ओळ खाली सरकवत होता. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुपारी म्हणाला, "जरा इकडे ये. हे कोठीचे नियम मला वाचून दाखव."

"मी लिहिलेलं मीच वाचू? मग दोन सह्या कशाला?"

"तू वाच, मी ऐकतो. चिन्हांसकट वाच."

"दादा, साहेबांना संध्याकाळी पाठवायचंय. मला त्या नव्या, जकातनाक्याच्या कामाचं बघायचंय. तू वाचणारा, तू वाच."

थोड्या वेळाने पुन्हा: "त्या नवीन चिन्हाचा जोर लिहिलायस ना?"

"सगळं आहे रे. बघून घे ना!"

"सांग ना, लिहिलायस का?"

"हो म्हटलं ना! डोळे आहेत की बटणं?"

त्याने हात मांडीवर ठेवले. शेवटी म्हणाला, "तू म्हणतोस तर असेल." मी कागद पुढे ठेवला, सहीची जागा बोटाने दाखवली, त्याने माझं बोट चाचपून त्याच्या शेजारी सही केली. वाकडीच झाली, रेघेच्या वर. साहेबांकडून शिक्काही आला. काम फत्ते.

२७ फेब्रुवारी

वहिनी एकटीच आली होती, दादा घरी. बसली, पदराशी चाळा करत राहिली. "भाऊजी, तुम्हाला हे हल्ली कसे वाटतात?"

"चिडके."

"आणखी?"

"हट्टी. वहिनी, माझं ऐका, त्याला जरा फिरायला घेऊन जा. घरात बसून बसून कुढतो तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी शपथ घातलीय, नाहीतर..." आणि फोन वाजला, जकातनाक्याचा, मोठं काम आहे. बोलून मागे वळलो तर गेलेली. पैशांची अडचण असेल तर सरळ सांगावं माणसाने. आपण काय परके आहोत?

१९ मार्च

मावशी गेल्या.

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. काल पाळी संपताना त्या कोठीत परत गेल्या होत्या, कोपऱ्यात राहिलेलं एक खोकं आणायला. सगळ्यांना वाटलं, घरी गेल्या. नवऱ्याला वाटलं, जादा काम लागलं असेल. सकाळी पहिल्या पाळीने दार तोडलं.

घंटा वाजली नाही.

मी विचारलं, "बटण दाबलं नसेल त्यांनी?" मॅनेजर म्हणाला, "दाबल्याची नोंद आहे मशीनमधे. पुन्हा पुन्हा." मग तो रडायला लागला आणि मी फोन हातात धरून उभा राहिलो. तोंडात फेस तसाच होता.

२० मार्च

सापडलं. फार शोधावंही लागलं नाही.

दाराच्या कडेला बर्फ साठला होता. दार घट्ट अडकलं, पण बोटभर बाहेर राहिलं. त्यामुळे त्याच्या चौकटीवरचं यंत्र सांगत राहिलं की दार बंद नाही. बटण दाबलेलं, दार "उघडं". बरोबर तीच चाचणी, जी मावशींचे ओठ निळे पडले म्हणून मी सोडून दिली.

पण तसं असलं तरी वाजायला हवी होती. बटण दाबलं की दार कसंही असो. म्हणून नियम काढून बघितला. दोन उभ्या रेघांना मी जोर दिलेलाच नाही. दरीला पाच होता, ती ओळ अजून तिथेच आहे. नव्या चिन्हासाठी वेगळी ओळ लागते, ती लिहायची राहिली. आणि या भाषेची रीत अशी की ज्या चिन्हाचा जोर सांगितला नाही त्याला ती सगळ्यात जास्त जोर देते, नऊ. न विचारता, न कुरकुरता. मग दोन रेघांनी बटण आणि हालचाल आधी ओढून घेतली आणि नियम झाला: बटण किंवा हालचाल, आणि वर दार बंद हवंच. दार बंद असल्याशिवाय बटणाला काडीची किंमत नाही. कंपायलरने हा चुकीचा नियम डोळ्यात तेल घालून पाळला.

एक ओळ. मी ती ओळ लिहून बघितली. घंटा लगेच बरोबर चालते.

पुन्हा चालवून बघितली. पुन्हा वाजली.

२१ मार्च

झोप नाही. डोळा लागला की मावशींचा तो थंड हात हातावर येतो.

पण न्यायाने विचार करायला हवा. लिहिणाऱ्याच्या हातून चूक होतेच. होते म्हणूनच खात्याने वाचणारा ठेवलाय. दादाने ते पान वाचलं. त्याच्यासमोर होतं ते. उष्ट्या बोटाने चूक दाखवणारा माणूस, त्याला ही दिसू नये? बातम्या ऐकत वाचलं की असंच होणार. त्याने काही विचारलं होतं का मला? विचारलंही असेल काहीतरी. नक्की आठवत नाही.

२२ मार्च

दादाकडे गेलो. सगळं सांगितलं, पाच, सहा, नऊ, सगळं. तो पलंगावर बसून ऐकत होता, भिंतीकडे तोंड करून. माझ्याकडे बघायचीही इच्छा नसावी. मग म्हणाला, "मावशी म्हणजे चाचणीला आत गेल्या त्या? तू सांगत होतास, फार बोलतात म्हणून?"

"हो."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून म्हणाला, "सही मी केलीय. वाचणारा मी. तू काळजी करू नकोस."

वहिनी दारातून काही बोलायला गेली तर त्याने हवेत हात करून तिला थांबवलं. मला एकदम हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती घरी पोचल्यावर वाटली. पण आधी हलकंच वाटलं.

३ एप्रिल

आज खात्यात चौकशी. हे आत्ताच लिहून काढतो, नाहीतर मला ते वेगळं आठवायला लागेल. माझं मला ठाऊक आहे.

लांब टेबल, पलीकडे तेच शांत साहेब आणि लिहून घेणाऱ्या एक बाई. अलीकडे मी, दादा, आणि दादाच्या शेजारी वहिनी. तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती "नाही" म्हणाली आणि बसली. भिंतीलगत मावशींचा नवरा. खरंच त्याला ऐकू कमी येतं. कानामागे हात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

आधी मला विचारलं. ओळ मी लिहिली, जोर लिहायचा राहिला, मी मान्य केलं. साहेब म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक नोंदली. आता वाचणाऱ्याकडे येऊ." त्यांनी एक छापील कागद दादाच्या हातात दिला. "अपघात झाला त्या सातव्या कोठीचा नियम. एकच ओळ आहे. मोठ्याने वाचा."

दादाने कागद दोन्ही हातांत धरला. घसा साफ केला. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "किंवा, बटण, कंस, आणि, हालचाल, दारबंद, कंस पुरा."

मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. ही तर त्याची जुनी पद्धत. कागदावर असं काही छापलेलंच नव्हतं. रागाने त्याच्याकडे वळलो, आणि मग मला कागद दिसला. छापलेली बाजू साहेबांकडे होती. दादाच्या समोर कोरा कागद होता.

साहेब उठले, त्यांनी तो कागद दादाच्या हातातून हळूच काढून घेतला, फिरवला आणि परत दिला. "पुन्हा वाचता?"

दादाने पुन्हा तेच म्हटलं. किंवा, बटण, कंस. तसाच खणखणीत. घोटलेला नियम, बरोबर नियम, ज्याने मावशी वाचल्या असत्या तो.

"पुरे ना हो आता," वहिनी म्हणाली. "पुरे करा."

मग दादा बोलला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही जात गेलं, आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. दोन वर्षं झाली सुरुवात होऊन. एक आवाज आहे, तो स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. "पण तो नावं वाचतो, साहेब. चिन्हं गिळतो. बटण हालचाल दारबंद, एवढंच ऐकू येतं. शब्द असते तर कळलं असतं." वाचणारा नाही असं कळलं असतं तर कंपनी बंद झाली असती, दोघांचीही पोटं तिच्यावर, म्हणून सांगितलं नाही, म्हणाला. मावशींच्या नवऱ्याच्या दिशेने तो वळला, पण तो माणूस बसला होता तिथे नाही, जरा बाजूला, रिकाम्या खुर्चीकडे. त्या खुर्चीलाच हात जोडले.

साहेब माझ्याकडे वळले.

"तुम्ही एका खोलीत काम करता. भावाला दिसत नाही हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "आत्ता कळलं. शपथेवर सांगतो."

"दोन वर्षांत लक्षात आलं नाही?"

"नाही."

खरं तेच सांगितलं मी. देवाशपथ खरं. पण साहेबांचा चेहरा हलला नाही. लिहून घेणाऱ्या बाईंचं पेनही थांबलं होतं. त्यांचा कोणाचाच विश्वास बसला नव्हता.

तेव्हा दादाने टेबलावर हात सरकवत सरकवत माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"तो खोटं नाही बोलत, साहेब," तो म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला, लहानपणी मला मारापासून वाचवायला वडिलांपुढे उभा राहायचा तसा. "त्याला खरंच माहीत नव्हतं. रोज समोर बसतो, पण तो माझ्याकडे कधी बघतच नाही. तुम्ही कोणालाही विचारा. त्याला यात ओढू नका."

साहेबांनी मान हलवली. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि वाचून सही करायला सांगितली. मी वाचलं, आणि सही केली.